लोणंदची वार्ताहर ठरली 'बकरा'

सुनंदा, संध्याकाळचे सात वाजले की हातातलं काम टाकून मी अजूनही फोनपाशी जाते. सातला तुझा फोन यायचा. डेस्कच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तू कधी कुणा वार्ताहराचं नाव घेतलं नाहीस, गावाच्या नावानंच हाक मारलीस. फलटणच्या वार्ताहराला फलटण, विट्याच्या वार्ताहराला विटा आणि मला लोणंद. "हं लोणंद, बोल लवकर, पान छपाईला सोडायचंय." पान तुला कधीच लवकर सोडायचं नसायचं. माझ्याशी अर्धा तास भांडण झाल्याशिवाय तुझं पान सुटत नव्हतं.

परवा सातला फोन वाजला. सांगली डेस्कचाच नंबर. तुझ्या खुर्चीवर नवा उपसंपादक बसवलाय, फार अदबीनं बोलतो, मला मॅडम म्हणतो. मी कांद्याच्या बाजाराची बातमी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्याच्या मागं कुणी बाई मथळे मोठ्यानं वाचत होती. एक मथळा, मग जरा थांबून तोच मथळा पुन्हा, शेवटचा शब्द ओढून. तू वाचायचीस तसाच. मी विचारलं, कोण वाचतंय? तो म्हणाला, "कुणी नाही मॅडम. सगळे चहाला गेलेत, मी एकटाच आहे." टीव्ही चालू असेल, असं मी स्वतःला सांगितलं. डेस्कवरचा टीव्ही कधी बंद असतो? पण टीव्हीवरच्या बायका एकच ओळ दोनदा वाचत नाहीत. बातमी अर्धी सांगून मी फोन ठेवला, बाकीची मेलवर पाठवली.

संपादकांनी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. तुझा जन्म, शिक्षण, माधवनगरच्या गिरणी कामगाराची लेक डेस्कप्रमुख कशी झाली, हे सगळं इतरांनी लिहून झालंय. त्यातल्या एकानं तुझा स्वभाव 'मनमिळाऊ' होता असं छापलंय. ते वाचून तू खुर्चीवरून पडली असतीस. मी त्यातलं काही लिहिणार नाही. तुझ्या दहाव्याला घाटावर सगळ्यांसमोर मी तुला एक वचन दिलं, ते पाळायला बसलेय. आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते तुझ्याशिवाय कुणाशी भांडणार?

भांडण होतं एका शब्दाचं. फसलेल्या माणसाला पेपरनं काय म्हणायचं? तू डेस्कवर येण्याआधी आपला पेपर 'भोळीभाबडी जनता' असं लिहायचा. तू आल्या आल्या ते खोडलंस. "हे काय पेपर आहे का सरकारी पत्रक?" म्हणालीस, आणि तिथं घातलास 'बकरा'. पैशाचा पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागलेला दुकानदार, बकरा. दोन तोंडांचं मांडूळ घरात ठेवलं की बरकत येते म्हणून साप उशाशी घेऊन झोपणारा मास्तर, बकरा. लष्करात भरती करून देतो म्हणून ज्यांना स्टेशनवर उभं करून एजंट पळाला ती पोरं, बकरा. टपरीवरचा शब्द तू उचललास, एकेरी अवतरणात ठेवलास आणि बघता बघता सातारा-सांगलीतले सगळे पेपर तो वापरायला लागले. आता तर पोलिसांच्या तोंडीही तोच येतो.

तुझी कारणं मला पाठ आहेत. "'बकरा' एका कॉलमात मावतो. 'फसवणूक झालेले नागरिक' लिहिलं तर वाचणारा मथळा संपायच्या आत डुलक्या घेतो." अवतरणाचंही कारण होतं. "अवतरणात टाकलं की आपण म्हटलं असं होत नाही, लोक म्हणतात असं होतं. आपल्या अंगाला काही लागत नाही." मी म्हणायचे, ज्याच्या अंगाला लागायचं त्याच्या लागतंच की. फसवणाऱ्याला आपण 'भामटा' म्हणतो, पण त्याच्या आधी 'चलाख' लावतो, त्यानं काय शक्कल लढवली ते चवीनं सांगतो. फसलेल्याच्या वाट्याला नुसतं हसू. मग माणसं पोलिसांत जातच नाहीत, पेपरला येईल या भीतीनं गप्प बसतात. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पण दुसरा फसत नाही ना? बकरा व्हायची भीती पोलिसापेक्षा मोठी असते, लोणंद." मी चिडून फोन आपटायचे. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा, "हं लोणंद, बोल."

एक मात्र तुझ्या बाजूनं सांगायला हवं. हा शब्द तू स्वतःलाही लावलास. कुणीतरी फोनवरून एका गृहस्थांची निधनवार्ता दिली, रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा सांगितली आणि तू ती छापलीस. दोन दिवसांनी ते गृहस्थ पेपर काखोटीला मारून ऑफिसात हजर. तू पांढरीफटक पडलीस. ते शांतपणे खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "रक्षाविसर्जनाला कोन कोन येतंय बघाय मीच गेलतो. बरीच मानसं आलती." ते कुणावर रागावले नव्हते, हेच तुला जास्त लागलं. ते गेल्यावर तू एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'बकरा' लिहिलंस आणि तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर चिकटवलास. तेव्हापासून खात्री न करता बातमी देणाऱ्याला डेस्कवर तेच नाव पडलं. आणि तेव्हापासून तुझ्या फोनचं शेवटचं वाक्यही ठरून गेलं. "खात्री केलीस?" मी हो म्हटल्याशिवाय तू फोन ठेवायची नाहीस.

आता कावळ्याचं सांगते. ते तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही.

माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला मी साताऱ्याकडच्या एका घाटावर गेले होते. कावळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. लोक पिंड ठेवतात आणि वर बघत बसतात. तिथं मला तो माणूस दिसला. मांडीवर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. एखाद्या कुटुंबाला फार वेळ बसायला लागलं की त्यांच्यातलं कुणीतरी उठून त्याच्याकडे जायचं, हळू आवाजात काही बोलायचं. तो फडकं काढायचा. आतून कावळा निघायचा, पण उडायचा नाही. पायऱ्यांवरून तिरका तिरका चालत जायचा, पिंडावर दोनदा चोच मारायचा, मग माघारी वळून त्या माणसासमोर उभा राहायचा आणि चोच उघडायचा. उघडीच ठेवायचा. तो माणूस त्या चोचीत चिमूटभर शेव घालायचा. मग कावळा टोपलीत आणि लोक आंघोळीला. मी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरी येऊन सरळ साधी बातमी लिहिली, घाटावर पाळीव कावळा, सोबत फोटो.

सकाळी पेपर उघडला तर तुझा मथळा. 'दहाव्याला भाड्याचा कावळा. शोकाकुल कुटुंबं बनताहेत 'बकरा''. फोटोत एक निवृत्त सुभेदार होते, त्यांच्या पत्नीचा दहावा होता त्या दिवशी. फोटोखाली त्यांचं नाव, गाव, हुद्दा, सगळं. त्या दिवशी मी सातची वाट बघितली नाही, सकाळीच तुला फोन करून वाट्टेल ते बोलले. तू म्हणालीस, "मथळा वाचून माणसं थांबली का नाही, तेवढं सांग." थांबली होती. लोणंदच्या स्टँडवर माझ्यासमोर लोक तो मथळा एकमेकांना वाचून दाखवत होते.

सुभेदार सांगलीच्या ऑफिसात आले तेव्हा महिन्याच्या बैठकीसाठी मीही तिथं होते. आठवतंय? ताठ कणा, इस्त्रीचा शर्ट, हातात पेपरची घडी. तुझ्यासमोर बसायला सांगितलं तर आधी परवानगी मागून बसले.

"मॅडम, ह्ये तुमी लिवलंय?"

तू हो म्हणालीस.

"मग आयका. कावळा पाळलेला हाय, ह्ये त्या गड्यानं मला आदीच सांगितलं हुतं. म्हनला, साहेब, खोटं बोलत न्हाई, पाळलेला हाय, सोडू का? मीच म्हनलं, सोड. आमच्या हिनं कवा कुनाला उपाशी ठेवलं न्हाई, आन तिच्यापायी सगळी पाव्हनी उनात उपाशी बसल्याली. ते तिला बघवलं नसतं. म्हून म्या कावळा सोडाय लावला. आता सांगा, मला कुनी फसवलं?"

तू हातातलं पेन खाली ठेवलंस.

"माज्या युनिटची लोकं फोन करून हसत्यात. चालतंय, जवान हायत, हसू द्या. पर माजी नात इचारती, आजोबा, बकरा म्हंजी काय?"

मी शुद्धिपत्रक छापू म्हणाले. त्यांनी मान हलवली, नको. चहा घेतला, कप बशीत नीट ठेवला आणि उठले. दारापाशी थांबून तुझ्याकडे वळले.

"तुमच्या येळंला, मॅडम, कावळा आपनहून येऊ दे. एवढंच म्हनतो."

आणि गेले. तू हसलीस, "काय गोड माणूस आहे," म्हणालीस. पण त्यानंतर कित्येक दिवस सातच्या फोनवर, बातम्या संपल्या की, एकदम विचारायचीस. "लोणंद, ते आशीर्वाद देऊन गेले का गं शाप?" मी म्हणायचे, आशीर्वादच. तू म्हणायचीस, "शब्द आशीर्वादाचेच होते. पण म्हणताना ते हसले नाहीत." मी तुला येडी म्हणून विषय बदलायचे. तो टोपलीवाला त्या बातमीनंतर पुन्हा घाटावर आला नाही. पुढं कुणी फसल्याची बातमी आली की तू 'बकरा' छापतच राहिलीस, मी भांडतच राहिले. सुभेदारांचं नाव मात्र आपण दोघी भांडणात कधी घेतलं नाही.

मग तू आजारी पडलीस आणि फार लवकर संपलीस. ते मी लिहिणार नाही. माझ्याच्यानं होत नाही.

तू तर 'माझं काही करू नका' म्हणून ठेवलं होतंस. तुझ्या आईनं, आक्कानं, ऐकलं नाही. बायकांनी घाटावर यायचं नाही म्हणणारे तुझे चुलते होते, त्यांचंही ऐकलं नाही. "माजी लेक हाय, मी जानार," म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. दहाव्याच्या सकाळी कृष्णेवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पायरीला लागताना तेवढं ऐकू येत होतं. आणखी दोन कुटुंबं होती. त्यांचे पिंड ठेवले आणि कावळे उतरले, लगेच. त्यांचं आटपून ती माणसं गेली. तुझा पिंड तसाच.

तुझ्या भावानं, दिलीपनं, हात जोडले. "ताई, आक्काला मी बघतो. काळजी करू नको." भावजय मुलांचं काहीबाही बोलली. धुकं विरलं, ऊन आलं. तोवर सगळे कावळे नदीपलीकडे गेले होते, एकच उरला होता. घाटाच्या कठड्यावर बसून होता. ओरडत नव्हता, पंख साफ करत नव्हता, नुसता बघत होता. संपादक पुढं झाले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सुनंदाबाई, पान तीन तुम्ही जसं काढत होता तसंच आम्ही काढत राहू." कावळ्यानं मान पलीकडे फिरवली. तू असतीस तर तेच केलं असतंस.

शेवटी गुरुजी पिशवीतून दर्भ काढायला लागले. कावळा शिवला नाही की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, उरकून टाकतात. आक्कानं त्यांचा हात धरला.

"गवताचा कावळा न्हाई चालायचा माज्या लेकीला. बसू दे मला हितंच."

ती सकाळपासून पाण्याशिवाय होती. या वयात, त्या उन्हात. दिलीपनं समजावलं, गुरुजींनी समजावलं. आक्का पिंडाकडे बघत म्हणाली, "जलमभर हिनं लोकास्नी येड्यात काढलं. आता कावळा हिला येड्यात काढतोय, बगा." भावजय हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग आक्काची नजर माझ्यावर आली.

"लोणंद, तू बोल गं. तुज्याशीच भांडत हुती रोज. तुज्यापाशीच काय तरी आडलंय तिचं."

इतकी वर्षं मी बुवाबाजीच्या बातम्या दिल्या, अंगात येणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारले. मागं अर्धं ऑफिस उभं. त्यांच्या देखत कावळ्याशी बोलायचं? पण आक्काचे ओठ सुकलेले दिसत होते. मी पुढं झाले. म्हटलं, "सुनंदा, तो शब्द मी बंद करायला लावते सगळ्यांना. तुझ्या पेपरात तरी कुणाला 'बकरा' म्हणणार नाही कुणी." मला वाटलं, सुभेदारांच्या नातीचं तुझ्या मनात राहिलं असेल. कावळा हलला नाही. उलट त्यानं डोळा मिटला आणि उघडला, असा सावकाश, की मला राग आला. खरंच राग आला. फोनवर मी काही सांगितलं आणि तू मुद्दाम गप्प बसलीस की यायचा, तोच राग.

"बरं बाई," मी ओरडलेच, "राहू दे तुझा शब्द. नाही खोडत. पण आता तो आधी माझ्या नावाला लागेल, मथळ्यात. मीच बातमी लिहीन आणि मीच मथळा लावीन. झालं समाधान?"

कावळा खाली उतरला.

'शिवला, शिवला' म्हणत सगळे एकदम उठले. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी आक्काला धरलं, दिलीप तांब्या घेऊन पाण्याकडे धावला. कावळ्याकडे मग कुणी बघितलंच नाही. मी बघत होते. तो उडत आला नव्हता, सुनंदा. कठड्यावरून पायरीवर उतरला आणि तिथून तिरका तिरका चालत आला. पिंडावर चोच मारली, पुन्हा मारली. मग माघारी वळला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि चोच उघडली. उघडीच ठेवली.

माझ्या हातात काही नव्हतं. मी रिकामा तळवा त्याच्यापुढं धरला. तो तळव्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग उडाला, पाण्यावरून, वरच्या अंगाला, जिकडून नदी येते तिकडं. मी पायऱ्या चढून रस्त्यावर पळत गेले. रस्त्यावर एक सायकलवाला लांब गेलेला दिसला, मागच्या कॅरिअरला टोपली, टोपलीवर ओलं फडकं. हाक मारावी तर काय म्हणून मारायची? भाजीवालेसुद्धा टोपलीवर ओलं फडकं टाकतात.

आता तुझ्या त्या शेवटच्या फोनचं. घाटावर मी ते कुणाला सांगितलं नाही.

तो फोन सातला नव्हता, दुपारी आला होता. तुझा आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम खात होतीस. "लोणंद, त्या कावळेवाल्याचं गाव कुठलं गं?" मी सांगितलं, फलटणच्या अलीकडचं. बातमी केली तेव्हा विचारून ठेवलं होतं. "कशाला पाहिजे आता तुला?" तू म्हणालीस, "भेटल्यावर सांगते." मी दुसऱ्या आठवड्यात येणार होते. त्या आठवड्यात तू नव्हतीस. दहाव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आक्का भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा आपलं आपणच म्हणाली, "मदी एक दिस गाडी करून फलटनकडं जाऊन आली. अंगात ताप हुता. कुटं गेलतीस इचारलं तर म्हनली, आफिसचं काम हुतं." माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आक्कानं विचारलं, काय गं, काय झालं? मी काही नाही म्हणाले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. आक्काला उन्हात बसायला लागू नये म्हणून तू जाऊन सगळं ठरवून आलीस का? सुभेदारांनी त्यांच्या बायकोसाठी केलं तेच? मग तो कावळा इतका वेळ कठड्यावर का बसून राहिला, माझं बोलणं होईपर्यंत? टोपलीवाला कुठं आडोशाला उभा राहून मजा बघत होता का, आणि तूच त्याला सांगून ठेवलं होतंस का, की लोणंद तोंड उघडल्याशिवाय सोडू नको? तसं असेल तर तुझ्या कारकिर्दीतला शेवटचा बकरा तू मला केलंस, तेही संपादकांसमोर, आणि मी त्याबद्दल तुझ्या पाया पडायला तयार आहे. की तू त्याच्याकडे निव्वळ माफी मागायला गेली होतीस, आणि त्यानं कावळा केव्हाच सोडून दिला होता, आणि तो जुन्या सवयीनं नदीकाठानं उतरत उतरत सांगलीपर्यंत आला? की सुभेदार म्हणाले होते तसं, आपणहून?

तू त्या गावाला कशाला गेलीस ते भेटल्यावर सांगणार होतीस. ते राहिलं. मला तुझी फार आठवण येते सुनंदा, आणि त्याहून जास्त राग येतो, कारण एवढी मोठी बातमी हातात असताना तू ती मला फोनवर सांगितली नाहीस.

मला एवढं मात्र कळलं. मथळ्यात आपण ज्यांना बकरा म्हणत आलो, त्यातल्या सगळ्यांना फसवलं गेलं नव्हतं. काहींनी बघून, समजून, टोपलीवरचं फडकं काढायला सांगितलं होतं, कारण घरातलं कुणीतरी उन्हात बसलं होतं. तुझ्या आईकडे बघून मीही तेच केलं. सुभेदारांना मी पत्र टाकलं होतं, तू गेल्याचं कळवायला. त्यांचा फोन आला. मी त्यांना घाटावरचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आला न्हवं? बास. पुढचं इचारू नका, मॅडम." त्यांचा आवाज त्या दिवशी ऑफिसात होता तसाच होता. तो आशीर्वादाचा आवाज होता का, हे मला अजून ठरवता येत नाही.

ते गाव इथून लांब नाही. लोणंदहून फलटणची एसटी धरायची आणि अलीकडेच उतरायचं. मी स्टँडवर गेले होते. गाडीत बसलेही, आणि कंडक्टर तिकीट विचारायच्या आत उतरले. तो माणूस जर म्हणाला की हो, मॅडम सांगून गेल्या होत्या, मीच सोडला, तर मग त्या दिवशी घाटावर तू नव्हतीसच, फक्त तुझी व्यवस्था होती. आणि तो म्हणाला की माझा कावळा तर उन्हाळ्यातच मेला, तर मला रोज सातला या घरात एकटीला बसायचंय. मला दोन्ही ऐकायचं नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्या माणसाला न विचारता मी एकही बातमी पाठवली नाही, तुझ्या धाकानं. ही तशीच पाठवणार आहे.

माझ्या खिडकीत एक कावळा येऊन बसतो. लोणंदला कावळ्यांची काय कमी, कांद्याच्या बाजारात दिवसभर असतात. हा ओरडत नाही. मी त्याच्याकडे बघत नाही, पडदा ओढून घेते. काल दुकानातून शेवेचा पुडा आणला, का आणला माहीत नाही, मला शेव आवडत नाही. पुडा फोडलेला नाही, टेबलावर ठेवलाय.

मथळा लावलाय, वर बघ. एका कॉलमात मावला नाही, दोन घ्यावे लागले, तेवढं सांभाळून घे. शब्द अवतरणात ठेवलाय, तुझ्या पद्धतीनं. सात वाजत आलेत. फोन येईल, नव्या माणसाचाच येईल, तो मला मॅडम म्हणेल. पण त्याच्या मागून कुणी मथळा वाचून दाखवला, दोनदा, शेवटचा शब्द ओढून, आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला, तर माझा आवाज फुटायचा नाही. म्हणून उत्तर इथंच लिहून ठेवते.

नाही केली, सुनंदा. खात्री केलेली नाही.